मांजलपूरच्या बागेतलं जेट

मी बोलतोय. त्यातलं कितपत खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. मी प्रयोगासाठी घडवलेलं लष्करी जेट विमान. माझा स्वतःवरही पुरता विश्वास नाही.

गुजरात राज्य नवं होतं, तेव्हा बडोद्यातल्या एका संशोधन केंद्रात माझा जन्म झाला. माझे पंख मल्हाररावांनी आखले. मोठे विद्वान, पण जीव कायम टांगणीला. उत्तर बरोबर आलं की त्यांना जास्तच धास्ती वाटे. "अजून एकदा बघतो," म्हणत. पंख कसोटीला उतरले, तर पुढची विमानं त्याच पंखांवर बनणार होती. फसले, तर खातंच बंद.

पहिल्या उड्डाणाला मुहूर्त दसऱ्याचा. विज्ञानालाही चांगला दिवस लागतोच! मल्हारराव खोलीत आकडे तपासत बसले आणि यंत्राची पूजा त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंकडे आली. माझ्या नाकापुढे एक बारीक नळी आहे. तिच्या तोंडात शिरणाऱ्या वाऱ्यावरून वेग कळतो. बाईंनी ओल्या बोटांनी हळदकुंकू लावलं, ते नेमकं त्या तोंडावर.

"वहिनी, बेतानं. उडायला चाललोय, वरातीला नाही," वैमानिक उदयसिंहराव हसले.

"गप्प बसा भावजी. नवं यंत्र, कोरडं कसं पाठवू?" बाईंनी आणखी एक चिमूट दाबून बसवली.

उडालो. काय उडालो म्हणता! पण नळी बुजलेली, त्यामुळे काटा वेग फारच कमी दाखवी. उदयसिंहराव वेग वाढवत राहिले आणि तसेच भरधाव उतरले. धावपट्टी संपली, मी तुरीच्या शेतात. चाकं मोडली. ते मात्र खरचटण्यावर सुटले.

"पंख वेगच घेऊ देत नाहीत, मल्हारराव," एवढंच म्हणाले.

मग चौकशी समिती येणार म्हणून आपल्याकडे करतात तेच केलं. मला लख्ख धुतलं. नळीतसुद्धा फवारा मारला. समितीनं काटा तपासला, उत्तम चालत होता! मग दोष कुणाचा? सगळ्या विद्वानांनी पंखांकडे पाहिलं. मल्हाररावांनी तर कुणी विचारायच्या आधीच मान डोलावली. "मला शंका होतीच."

खातं बंद झालं. तसे पंख पुन्हा कुणी बनवले नाहीत.

हल्ली मी बडोद्यातल्याच या बागेत चौथऱ्यावर उभा असतो. पाटीवर मला 'शूर लढवय्या' म्हटलंय. लढलो कुणाशी, ते मलाही ठाऊक नाही. रोज सकाळी मल्हारराव काठी टेकत येतात आणि पंखाखाली थांबतात.

"इथंच चुकलो मी."

"चालो हवे," चला आता, असं मंदाकिनीबाई गुजरातीत दटावतात. "चहा निवतोय. ते विमान थोडंच बोलणार आहे?"

नाहीच बोलता येत त्यांच्याशी. म्हणून तुम्हाला सांगतो. इकडं आलात, तर बाई जरा लांब आहेत असं बघून मल्हाररावांच्या कानाशी लागा. म्हणावं, पंख चांगले होते. त्या दिवशी आपण फार वेगात होतो.