विहाराचा ओटा

शहाऐंशी साली सावली गावाजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी आली आणि ती कुठे भरवायची यावरून गावात रणकंदन माजलं. शेवटी बौद्ध मोहल्ल्याचा म्हातारा पुढारी बापूराव जिंकला. अंगणवाडी त्याच्या मोहल्ल्यातल्या विहारात भरू लागली. ज्या मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी वरच्या मोहल्ल्याला चालत नव्हतं, तिथे त्यांची पोरं मांडीला मांडी लावून खिचडी खाऊ लागली. बापूरावाची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

सत्यशीला त्याची सून. तिचा नवरा कोळसा खाणीवर कामाला, घरी कधीमधी येणारा. पोरगी विशाखा पाच वर्षांची. उजवं अंग लुळं, तोंडातून लाळ, बोलणं फक्त मायला कळेल असं. धानाच्या रोवणीला जाताना सत्यशीला तिला खाटेच्या पायाला दोरीने बांधून जायची. हौस नव्हती तिला. एकदा पोर सरपटत तळ्याच्या काठापर्यंत गेली होती. अंगणवाडीची सेविका रुखमाबाई म्हणाली, "आणून बसव व तिले. पोट्ट्यांत पोट्टी राहीन." तेव्हापासून दोरी खुंटीला लागली.

विशाखा सुधारली असं म्हणणं खोटं होईल. पण गाण्याच्या वेळी ती चांगल्या हाताने मांडीवर टाळी देऊ लागली, शेजारी बसणाऱ्या श्रीहरीला "ईयी" म्हणून हाक मारू लागली, आणि सकाळ झाली की मायचा पदर धरून तिला विहाराकडे ओढू लागली. सत्यशीलाला एवढंच पाहिजे होतं. पोर माणसांत बसली पाहिजे, बस्स.

श्रीहरी हा वरच्या मोहल्ल्यातल्या गुणाबाईचा नातू. एक दिवस आजी त्याला न्यायला लवकर आली, तर हा पठ्ठ्या विशाखाच्या ताटलीतली खिचडी खात होता आणि ती त्याच्या ताटलीतली. गुणाबाईने त्याला बखोटीला धरून उचललं.

"लाळेचं खाऊन राह्यला, मेल्या!" ती ओरडली. "रुखमाबाई, हे येडी पोट्टी इथी बसन तं आमचे पोट्टे नाई येनार."

तिच्या पोटात खरं काय दुखत होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ते उघड बोलायची सोय राहिली नव्हती, कायदा आडवा येत होता. लाळेला कोणता कायदा? दुसऱ्या दिवशी वरच्या मोहल्ल्यातलं एकही पोर आलं नाही, आणि अंगणवाडी तिकडच्या चावडीत न्यायची कुजबुज सुरू झाली.

संध्याकाळी बापूरावाने मोहल्ल्याला विहारात बसवलं. बापूराव म्हणजे चौदा एप्रिलचा वक्ता. आपण वर्गाबाहेर, शाळेच्या ओट्यावर बसून कसे शिकलो, मास्तर पाटीला हात न लावता छडीच्या टोकाने चुका कशा दाखवायचा, हे तो दरवर्षी सांगे आणि बाया दरवर्षी डोळ्यांना पदर लावत. सत्यशीला सगळ्यांत जास्त रडे. म्हणूनच ती निर्धास्त होती. बाकी कोणी काही म्हणो, आपला सासरा पोरीला अंतर देणार नाही. बिचारी!

"पोट्टी ओट्यावर बसन," बापूराव म्हणाला. "अंगणवाडी गेली नाई पाह्यजे."

सत्यशीला उठून उभी राहिली. सासऱ्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती.

"मामाजी, तुमाले ओट्यावर बसवलं तं तुम्ही जलमभर सांगून राह्यले. आन् माह्या पोरीले तुम्हीच काऊन बसवता?"

"मी शिकलो नाई का ओट्यावरून?" बापूराव शांतपणे म्हणाला. "तेही शिकन. ओट्यानं कोनी मरत नाई."

जन्मभर जपलेली जखम म्हाताऱ्याने दगडासारखी उचलली आणि नातीवर फेकली. संताप येतो तो याचाच.

वरच्या मोहल्ल्यातली पोरं परत आली. सत्यशीलाने विशाखाला घरी ठेवून पाहिलं, पण ती विहाराकडे हात करून रडून रडून निळी पडायची. शेवटी ओटा तर ओटा म्हणून तिला तिथे बसवलं. गाणं सुरू झालं की पोर आत सरपटायची. दाराशी बापूराव स्वतः पहाऱ्याला. आधी तो तिला उचलून बाहेर ठेवी, मग हाताला धरून ओढू लागला, मग काठी आपटू लागला. शेवटी ती काठी पोरीच्या चांगल्या हातावर बसली. रुखमाबाई आत गाणं म्हणत राहिली, जरा मोठ्याने.

खिचडीच्या वेळी गुणाबाई मुद्दाम येऊन उभी राही. विशाखाने ताटली खाली ठेवून मागे सरकायचं, मग रुखमाबाईने पळी उंचावरून रिती करायची. श्रीहरी आतून "शी!" म्हणायला शिकला. अंगणवाडीत शिकण्यासारखं बरंच होतं.

धानाची कापणी सुरू झाली. एका संध्याकाळी बापूराव घरात जेवायला बसला होता. आदल्या दिवशी तपासणीला आलेले साहेब अंगणवाडीला शाबासकी देऊन गेले होते, म्हणून म्हातारा खुशीत होता.

"ये व माय, आजाजवळ बस," त्याने विशाखाला हाक मारली.

विशाखा उंबऱ्याबाहेर होती. ती हलली नाही. तो उठला, तसा तिने चांगला हात पाठीमागे लपवला.

"ये व विशू, आपलंच घर हाये," सत्यशीला म्हणाली.

पोरीने ताटली उंबऱ्याशी ठेवली, सरपटत मागे गेली आणि वर तोंड करून पाहत राहिली. सत्यशीलाने तिला ओढून आत आणलं, एक थापडही मारली. पोर किंचाळत पुन्हा बाहेर गेली आणि पुन्हा तशीच बसली.

सत्यशीलाने सासऱ्याकडे पाहिलं. तिला त्याला रडताना बघायचं होतं. म्हातारा पुन्हा ताटावर बसला आणि मान खाली घालून त्याने पुढचा घास घेतला.

पोर भुकेली होती. सत्यशीलाने वरणभात कालवून पळी भरली, उंबऱ्यापाशी गेली आणि उंचावरूनच ताटलीत रिती केली.