पलंगाचं झाड

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून 'कट्ट' असा आवाज आला. ओसरीत पाखडणाऱ्या तुळसाबाईंचं सूप थांबलं. त्यांची सून प्रतिक्षा उठून आत गेली. नव्या पलंगाचा उशाकडचा पाय चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगला होता आणि वरची चकचकीत पट्टी सुटून लोंबत होती.

"काय झालं वं?" दारातून सासूने विचारलं.

"आई, पलंगावर पाणी टाकलं काय?"

"काल उकळतं पाणी ओतलं सांधीसांधीत. ढेकूण होऊ नये म्हून. खाटेले दर उन्हाळ्यात ओततोच ना! वीस वर्सं झाली, तिले तं काही होऊन नाही राहिलं."

प्रतिक्षाने लोंबणारी पट्टी जागेवर दाबून पाहिली. साकोलीच्या फर्निचरच्या दुकानात ती दीड वर्षापासून कामाला होती. मालाच्या कार्डावरचं 'इंजिनिअर्ड वूड, अक्रोड फिनिश' तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकाने विचारलं की ती सांगायची, "पूर्ण लाकूड आहे, काकू." अगदीच खोटं नव्हतं ते, आत दाबलेला भुसाही लाकडाचाच. माल कुठून येतो हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. खोक्यांवर कुठल्याशा गोदामाचा पत्ता असे, त्याच्या मागचं कोणी सांगत नसे. लेक मित्रा पाच वर्षांची झाली, नवऱ्यासह तिघांना खाट पुरेना, म्हणून तिने तिथूनच हा पलंग उचलला होता.

आणि आज शेजारच्या उषाबाई तो पाहायला येणार होत्या. त्यांच्या ज्योत्सनाचं लग्न ठरलं होतं. 'तू चांगला म्हणशील तं हाच देतो आंदणात,' असं त्या सांगून गेल्या होत्या.

त्या चारच्या आधीच आल्या. तुळसाबाईंनी लगबगीने पलंगावर चादर टाकली, पार जमिनीपर्यंत ओढली. सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाच काय? मस्त दिसते वं! पण लाकडाचाच आहे ना? ज्योत्सनाच्या सासरचे लोक लय चौकस आहेत बाप्पा. पोरीले पाहाले आले तं आमचं दारच ठोकून पाह्यलं."

पाठ केलेलं वाक्य प्रतिक्षाच्या ओठांपर्यंत आलं. ते एकदा म्हटलं की काम झालं. उद्या दुकानात मालकही खूश. तिने वाकून चादर वर केली.

उषाबाईंनी फुगलेल्या पायाला बोट लावलं. ओला लगदा बोटाला चिकटून आला.

"अवं माय! हा तं भुसा आहे!"

"हो काकू. दुकानात मी लाकूड म्हणतो."

"मंग आमच्या जावेले मागच्या महिन्यात तूच देल्ला ना?"

प्रतिक्षाने होकारार्थी मान हलवली.

"तिलेबी सांगून ठेवजो. पाणी नोको ओतू म्हणा." उषाबाई हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि चहाही न घेता निघाल्या.

मित्रा एवढ्यात पलंगाखाली शिरली होती. घरातली एकेक वस्तू कोणत्या झाडाची, हे आजीने तिला वासावरून ओळखायला शिकवलं होतं. दार सागाचं, मुसळ खैराचं, खाट बीजाची. तिने चिमूटभर भुसा हातात चुरला, आजीसारखाच नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"मम्मी, हा कोणत्या झाडाचा हाय?"