चिरेवरची काच

जकातघर बंद पडलं तेव्हापासून तिथे कबुतरांचं राज्य होतं. ती सगळी एकदम उडाली की छप्परही वीतभर वर उचललं जायचं, आणि परत वाकडं बसलं तर बिचाऱ्यांना पुन्हा उडावं लागायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या बहिणीला हे पटत नाही, पण तिला माझं काहीच पटत नाही.

त्या पडक्या इमारतीत वकिलांची, हिशेबतपासनिसांची ऑफिसं करायचं काम माझ्या भाचीला मिळालं. आर्किटेक्ट म्हणून तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. मी देखरेखीला, म्हणजे खुर्ची टाकून बसायला. तिचे वडील, म्हणजे माझे मेव्हणे, घड्याळजी. ते जकातघरावरच्या मनोऱ्यात कबुतरं हाकलायला. "वर फार धूळ आहे, कोणी येऊ नका," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

काम झकास चाललं होतं, तोच मनोऱ्याखालच्या भिंतीत चीर दिसली. इंजिनिअरने चिरेवर काचेची पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली. भिंत केसभर जरी हलली तरी काच फुटणार. शाबूत राहिली तर चीर जुनी, बुजवून टाकायची.

काच फुटली. दुसरी लावली, तीही फुटली.

"आणखी एक लावतो," इंजिनिअर म्हणाला. "तीही गेली तर मनोरा उतरवावा लागेल. मी सही देणार नाही."

मनोरा गेला की वकील मंडळी पाठ फिरवणार, आणि भाचीला पुढे कोणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला देणार नाही. तिला घास गिळेना. मी धीर द्यायला म्हणालो, "अगं, आमच्या वेळी एक भिंत चालत बाजारात गेली होती. भाजी घेऊन परत आली."

"मामा, आज नको."

तिसऱ्या काचेसमोर ती स्टूल टाकून बसली. जेवणाच्या सुट्टीत गवंडी बाहेर सावलीला गेले, तेव्हा वर कुठेतरी करकर झाली. मग भिंतीच्या पोटात धप्प, आणि काचेला तडा.

मी कपाळाला हात लावला. तिने भिंतीला कान लावला.

"मामा, ही टकटक करतेय."

"भुंगा असेल."

"भुंगा असा तालात पोखरत नाही. बाबा कुठे आहेत?"

"वर. कबुतरं हाकलतायत."

"कबुतरं कधीच गेली, मामा."

ते मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वर मेव्हणे कोपरापर्यंत ग्रीसने माखून मनोऱ्यातल्या जुन्या घड्याळाला किल्ली देत होते. घड्याळ मजेत चालू होतं. काटे बसवले नव्हते, म्हणून खालून कोणाला पत्ता नाही.

"उद्घाटनाला तुला चकित करायचं होतं," ते म्हणाले.

"केलंत, बाबा. पोटभर."

घड्याळाचं लोखंडी वजन भिंतीतल्या पोकळीत दोरावर लटकतं, किल्ली दिली की वर येतं. मेव्हण्यांनी दोर नवा घातला, पण वजनाला सरळ धरणाऱ्या लाकडी पट्ट्या कुजल्या म्हणून काढून टाकल्या. त्यामुळे किल्ली दिली की वजन झोके खात भिंतीला धडकायचं, नेमकं चिरेच्या मागे.

"दाजी, लेकीच्या इमारतीला आतून बुक्के मारणारा बाप आजच पाहिला."

"आणि तुम्ही खाली बसून कसली देखरेख करत होतात?"

"भिंतीची."

सुताराने नव्या पट्ट्या ठोकल्या. चौथी काच लागली. मेव्हणे रोज किल्ली देत राहिले, काच ढिम्म. शेवटी इंजिनिअरने सही केली. "भिंत ठणठणीत आहे. वडिलांकडे लक्ष ठेवा."

त्या दिवशी भाची जेवली. स्वतःचं ताट संपवून माझ्या ताटातलंही.

उद्घाटनाला घड्याळाने बाराचे ठोके दिले. सगळे माना वर करून बघत होते. भाची आत येऊन काचेसमोर उभी राहिली होती. शेवटचा ठोका विरला, काच तशीच. तिचे खांदे सैल पडले.

"मामा," ती म्हणाली, "त्या भिंतीने भाजी कसली आणली होती?"

मी खुर्ची पुढे ओढली.