कागदावरचं नाव

निवृत्त नर्स चंद्रकांताबाई सानगडीच्या बाजारातला भाड्याने दिलेला गाळा विकत घ्यायला आल्या होत्या. जागा मोक्याची, भाडंही बरं. दलाल हळूच म्हणाला, "बाई, कागदावर दुसऱ्याचं नाव टाका. मालकीण तुमच्या समाजाची आहे म्हनून समजलं, त भाडेकरू निघून जाईल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक गाळ्यात शिरल्या आणि मशीनवर शिवत बसलेल्या केशवराव टेलरला म्हणाल्या, "मी बौद्ध आहो. हा गाळा घेऊन राहिली. राहाल का जाल?"

"छत गळते, तेवढं नीट करून द्या," केशवराव म्हणाले. "मी कायले जाऊ?"

दलालाला हाकलून बाईंनी थेट मालकाशी सौदा केला. पण आपल्याला असं विचारावं लागलं, याचा संताप काही केल्या जाईना.