साइडलाइनवरचं द्राक्षासव

विद्याने ती तक्रार जूनमध्ये केली, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तिच्या अकरा वर्षांच्या लेकीशी, कौमुदीशी, टीममधलं कुणी धड बोलेनासं झालं.

तक्रार खोटी मुळीच नव्हती. लॉकडाऊन उठून मुलींचे गेलिक फुटबॉलचे, म्हणजे आयर्लंडच्या देशी फुटबॉलचे, सामने सुरू झाले तेव्हा घरात कोंडून आंबलेल्या आईबापांना क्लोनडॉकिनचं ते ओलं मैदान म्हणजे जत्राच वाटली. पबच्या आत बसायला बंदी, मग काय! बिअरचे कॅन जॅकेटच्या खिशातून निघू लागले आणि वाइन कॉफीच्या कपातून. एका शनिवारी टीममधल्या ईफाचा बाप डेक्लन इतका ढोसून आला, की रेफरी म्हणून उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीवर त्याने भर मैदानात तोंडसुख घेतलं. ती बिचारी शिट्टी हातात धरून रडली.

विद्याच्या सासूबाईंनी हे सगळं घडीच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. सासूबाई साताऱ्याकडच्या. गावात दारूबंदीचं मतदान लागलं तेव्हा वस्तीवस्तीवर फिरून त्यांनी बायका गोळा केल्या होत्या आणि आडवी बाटली निवडून आणून दुकानाला कुलूप लावलं होतं. मार्च २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या आणि विमानंच बंद पडल्यामुळे दीड वर्ष इथेच अडकल्या.

"लिवून टाक त्या क्लबाला," त्या म्हणाल्या. "पोरींच्या म्होरं पित्यात, जनाची न्हाई तर मनाची तरी लाज?"

विद्याने लिहिलं. ती औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायची. चूक दिसली की तिचा कागद करायचा, ही सवय पंधरा वर्षांत अंगात मुरलेली. तारीख, वेळ, काय घडलं, मूळ कारण, उपाय. फक्त शेवटी एक विनंती केली, की माझं नाव कुणाला कळू देऊ नका. देवदत्त, तिचा नवरा, म्हणाला होता, "लिहितेयस तर नाव घालून लिही ना." पण उगाच वाकडेपणा कशाला, असं तिला वाटलं.

क्लबच्या अध्यक्ष नोरीनबाईंनी नाव झाकलं आणि मजकूर जसाच्या तसा सगळ्या पालकांना पाठवून दिला. सोबत नियम: साइडलाइनवर कुणाकडेही दारू सापडली तर त्या टीमचे सगळे पालक कार पार्कमध्ये, सामना कुठलाही असो. शिवाय दर सामन्याला एका पालकाने पिवळं जॅकेट घालून पहारा द्यायचा, आळीपाळीने.

आता, फुटबॉलच्या तक्रारीत 'मूळ कारण' असा मथळा घालणारी बाई त्या अख्ख्या टीममध्ये एकच होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त विद्या आली की घोळका दोन मीटरऐवजी चार मीटर सरकायचा. कोविडचं निमित्त सगळ्यांना होतंच. वाढदिवसाची बोलावणी कौमुदीला वगळून जाऊ लागली. शाळेत वर्षभर तोंड न उघडणारी ही पोर खेळामुळे बोलती झाली होती, ती पुन्हा घुमी झाली. फायनलच्या आदल्या दिवशी बुटांच्या नाड्या धूत तिने इंग्रजीत सांगितलं, "उद्या झालं की मी सोडणार आहे. प्लीज, काही बोलू नकोस."

 विद्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

फायनलला पहाऱ्याची पाळी नेमकी विद्याचीच आली. पिवळं जॅकेट तिला गुडघ्यापर्यंत येत होतं. डेक्लन कुंपणाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता आणि तिच्याकडे बघून ती उंच करून प्यायला. पाणीच आहे, बघून घे, असा भाव. जूनपासून त्याने मैदानावर थेंबाला शिवलं नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं.

सासूबाई नेहमीच्या खुर्चीत होत्या. शेजारी डेक्लनची आई ब्रायडी. गुडघ्यांनी बेजार झालेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे दोघींचं फारच छान जमत होतं. सासूबाई गुरुवारी परत निघणार होत्या. नातीची ही फायनल बघायला मिळावी म्हणून त्यांनी तिकीट आठवडाभर पुढे ढकलायला लावलं होतं.

हाफटाइमची शिट्टी झाली. विद्या फेरी मारत खुर्च्यांपाशी आली आणि तिला वास आला. आधी वाटलं, सॅनिटायझर. हल्ली सगळ्या जगालाच तो वास. पण हा गोडसर होता. तिने मास्क खाली ओढला. ब्रायडीच्या हातात स्टीलची वाटी होती, सासूबाईंच्या हातात दुसरी, आणि कापडी पिशवीतून एक तपकिरी बाटली मान काढून बसली होती.

"हे काय आहे, आई?"

"द्राक्षासव गं. वैद्यांनी दिल्यालं. जेवल्यावर दोन झाकनं घेती मी, चाळीस वर्सं. हिला बी देती, गुडघ्यास्नी बरं पडतंय."

विद्याने बाटली उचलली. स्वतः लहानपणी भूक लागत नाही म्हणून तिने हे प्यायलं होतं. पंधरा वर्षं रोज दुसऱ्यांच्या औषधांची लेबलं ती भिंगातून वाचत होती. हे लेबल तिने कधी वाचलं नव्हतं, कारण हे आपलं घरचं. ते तिने आता वाचलं. बारीक अक्षरात, अगदी तळाशी: स्वयंनिर्मित मद्यार्क, पाच ते दहा टक्के. म्हणजे बिअरच्या तोडीस तोड.

 बाटली पिशवीत खाली सारायची, वर रुमाल टाकायचा, झालं. कुणी पाहिलं नव्हतं. सांगितलं तर सगळ्यांना फायनलच्या मध्यात बाहेर जावं लागणार, सासूबाईंनाही, आणि कौमुदीचं जे काही उरलंसुरलं असेल ते आजच संपणार. नाही सांगितलं तर? तर हे पिवळं जॅकेट अंगावर घालून ती डेक्लनच्या डोळ्यात कशी बघणार होती, देव जाणे. आणि तिला एकदम कळलं, की गेले तीन महिने ती कुणाच्याच डोळ्यात बघत नव्हती.

ती बाटली हातात धरून सरळ नोरीनबाईंकडे चालत गेली. घोळका तिथेच उभा होता.

"ही माझ्या सासूबाईंची," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाली.  "आमच्याकडे हे औषध समजतात. पण यात दारू आहे. मी आत्ता वाचलं. त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आणि जूनमधली ती तक्रार माझी होती. ती खरी होती, पण नाव लपवायला नको होतं. त्याबद्दल मला माफ करा."

नोरीनबाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं, बूच काढून वास घेतला आणि भुवया वर गेल्या.

"नियम तो नियम," त्या म्हणाल्या. "पालक सगळे बाहेर."

विद्याने सासूबाईंना मराठीत सांगितलं. म्हाताऱ्या बाईचा चेहरा उतरला. "चाळीस वर्सं, आगं," त्या पुटपुटल्या, "आन् मी गावाची दुकानं बंद करीत फिरली?" त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतायत, असं विद्याला वाटलं. पण खांदे हलत होते ते हसण्याने. त्यांना हसताना बघून ब्रायडीही हसू लागली, कशासाठी ते न कळता, आणि वाटीतलं उरलेलं चटकन पिऊन टाकलं. मग मात्र डेक्लनला राहवेना. "उन्हाळ्यापासून माझी आई इतकी शांत झोपतेय, ते त्यामुळे होय!" तो ओरडला आणि सगळा घोळका हसत सुटला.

वीस-बावीस माणसं खुर्च्या उचलून कार पार्कमध्ये गेली. तो गोलपोस्टच्या मागेच होता, मध्ये फक्त तारेची जाळी. डेक्लनने दोन्ही म्हाताऱ्यांना आपल्या उंच व्हॅनच्या पुढच्या सीटवर चढवलं. तिथून सगळं मैदान दिसत होतं. ओरडलेलं आत ऐकू जाईना म्हणून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवले. सासूबाईंना तो प्रकार भलताच आवडला. डेक्लनच्या हॉर्नवर त्यांनी पूर्ण हाफभर कब्जा ठेवला.

विद्या जाळीला बोटं अडकवून उभी होती. डेक्लन शेजारी आला. 

"त्या रेफरी पोरीच्या घरी जाऊन मी माफी मागितली होती," तो म्हणाला. "तू तक्रार केलीस ते बरोबरच होतं. मला राग आला तो तू मला येऊन बोलली नाहीस याचा."

"हो," विद्या म्हणाली.  आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यात बघितलं.

मुली एका गुणाने हरल्या. शिट्टी झाल्यावर रडायचं सोडून त्या सगळ्या जाळीकडे धावत सुटल्या, कारण हॉर्न का वाजत होते हे त्यांना कळायलाच हवं होतं. ईफाच्या बापाने ते रंगवून सांगितलं. कौमुदीचं तोंड उघडंच राहिलं.

"तू आजीला पकडून दिलंस?" ती आईवर इंग्रजीत ओरडली. "माझ्या आजीला?"

ईफा तर चिखलात बसूनच हसत होती. दुसऱ्या एकीने आजींना हात केला. आजींनी उत्तरादाखल हॉर्न दिला. कौमुदी हसत होती, खदाखदा, नाकपुड्या फुगवून, जशी घरी हसायची तशी. ईफा तिच्या कानात काहीतरी बोलली. कौमुदीने मान हलवली, जाळीला नाक लावलं आणि विचारलं, "आई, मंगळवारी ट्रेनिंगला किती वाजता सोडशील?"

विद्याने नुसती सहा बोटं वर केली.