दोन कड्यांची कढई

मी देवळातली मोठी कढई बोलतेय. दचकू नका. आजवर गावाने माझ्यात शिजवलेलं पोटभर खाल्लं, आज माझं थोडं ऐकून घ्या.

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आमचं गाव आहे. भंडाऱ्यासाठी गावाने मला लोहाराकडून ठोकून घेतलं आणि दोन जाडजूड कड्या लावल्या, कारण मी एकट्याला उचलण्यातली नाही. पहिल्या भंडाऱ्याला एक कडी मारुतरावांनी धरली आणि दुसरी धरायला मिशनच्या शाळेतले एबनेझर मास्तर धावले. तेव्हापासून तीच रीत पडली. देवळाचा भंडारा असो की चर्चचं नाताळचं जेवण, एक कडी देवळाच्या माणसाने धरायची, एक चर्चच्या. मास्तरांमागे त्यांचा मुलगा सत्यवान धरू लागला.

मी देवाची, म्हणून चर्चवाले माझ्यात फक्त लापशी करायचे. मटण त्यांच्या स्वतःच्या पातेल्यात, पार भिंतीपलीकडे. सत्यवानची बायको इवा तर मटणाचा हात धुतल्याशिवाय मला शिवायची नाही. परत धाडताना माझ्यात मूठभर तांदूळ असायचेच. शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये म्हणतात ना. मारुतराव दरवर्षी त्या पंगतीला असत आणि लापशी दोनदा मागून घेत.

गेल्या नाताळात लापशीला उकळी फुटली आणि पृथ्वीराज आठ-दहा पोरं घेऊन आला. हा मारुतरावांचा नातू, कारेगावला कंपनीत जातो. कुणीतरी त्याच्या मोबाईलवर धाडलं होतं, की देवाच्या कढईत मटण शिजतंय.

"पृथ्वीराज, वाकून बघ की. लापशी हाय," सत्यवान म्हणाला.

वाकून बघायला असा कितीसा वेळ लागला असता? पण बघायला आलं होतं कोण. त्यांनी बाकं मोडली, भिंतीवरचा क्रूस ओढून काढला आणि बांबू घालून मला चुलीवरून कलंडवलं. सत्यवानने सवयीने कडी धरली, आणि उकळती लापशी त्याच्या उजव्या हातावर आली. इतकी वर्षं मी माणसं जेवू घातली आणि त्या दिवशी माझ्यातल्याच अन्नाने माणूस भाजला. हे दुःख माझं कधी जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली.

"पोरं बाहेरची व्हती," एक जण म्हणाला.

"आपल्या धर्मात असलं बसत न्हाई. मग ती आपली कशी?" दुसऱ्याने री ओढली.

माणसांचं मला नवल वाटतं. कबड्डीत ढाल आणली की आपली पोरं, आणि कुणाचा हात भाजला की बाहेरची. मारुतराव कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी खाली मान घालून निषेधाच्या ठरावावर सही केली. पोलिसांनाही गावाने तेच सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

मला परत न्यायला देवळातून कुणी आलं नाही. मग इवा आणि तिची मुलगी कृपा यांनीच मला उचलून आणलं. घासून लख्ख केलं होतं, आणि आत मूठभर तांदूळ होते. ते बघून मला रडू आलं.

"सत्यवान कसा हाय?" मारुतरावांनी विचारलं.

"हात वाचला, आबा. पण बोटं मिटत न्हाईत," इवा म्हणाली. "त्यांनी एवढंच इचारलंय, आमची लापशी तुम्हाला ठाऊक व्हती. बैठकीत बोलला का न्हाई?"

मारुतरावांनी ते तांदूळ चाचपले.

वर्षभर मी देवळामागे पालथी पडून आहे. भंडारा झाला, तो भाड्याच्या पातेल्यांत. गंज चढला अंगावर. आता पुन्हा नाताळ आलाय, आणि चर्चमधून मला मागायला कुणी आलेलं नाही.

आज सकाळी मात्र बैठकीत मारुतराव उठून उभे राहिले.

"पोरं बाहेरची न्हवती. माझा पृथ्वीराज पुढं व्हता. कढईत लापशीच असती, हे मला म्हाईत व्हतं. मी गप बसलो. उद्या ठाण्यात जाऊन बी हेच सांगणार हाय."

"आबा, झालं गेलं. कशाला उकरून काढता?" कुणीतरी म्हणालं, आणि एकेक जण चपला शोधू लागला.

मारुतराव देवळामागे माझ्याकडे आले. मला उताणं केलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, घरून आणलेले तांदूळ आत घातले आणि एक कडी धरून ओढू लागले. फरशीवर खरडत मी पायरीपर्यंत आले. तिथे त्यांना धाप लागली. ते बसलेत, कडी सोडलेली नाही.

दुसऱ्या कडीचा हात आता मिटत नाही. आणि पृथ्वीराज, तू मघापासून खांबाआड उभा आहेस, मला दिसतोयस. मला कलंडवताना तुझ्या हातात पुष्कळ जोर होता. ये, वाकून बघ. आत तांदूळच आहेत. ही कडी धर बाबा, मला चर्चपर्यंत न्यायचंय.