डाव्या पोटरीचं माप

पंधरा वर्षांच्या श्रेयाचा पाठीचा कणा बाजूला वाकत चालला होता, म्हणून संभाजीनगरातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून तो सळ्या-स्क्रूंनी सरळ केला. ऑपरेशन झकास झालं. घोळ झाला तो पुढं, आणि तो घालायला घरच्यांनी अन् दवाखान्यानं एकमेकांना मनापासून मदत केली.

दुसऱ्याच दिवशी व्यायामवाली मॅडम तिला उठवायला आली. खोलीत श्रेयाची आजी चतुराबाई होती, आणि तिच्यासोबत पाचोडहून भेटायला आलेल्या सहा बायका. आजारी माणसाला भेटायला गेलं की एखादा उपदेश देऊनच परतायचं, ही आपल्याकडची रीत. सहाही जणींचा उपदेश एकच होता, हलायचं नाही. पाठीत लोखंड घातलेल्या लेकराला कुणी उभं करतं का, असं विचारत चतुराबाईनं मॅडमची वाटच अडवली. पोरगी नुसती पडून राहिली तर पायात रक्त साकळतं, त्याची गाठ होते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो, हे मॅडमनं तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. ती उद्या बघू म्हणाली आणि गेली. तिचा उद्या काही उजाडला नाही. रक्त साकळू नये म्हणून श्रेयाच्या पायांना लावलेलं, ते दाबत राहणारं हवेचं मशीनही वरच्या मजल्यावरच्या कुण्या तात्यासाहेबांसाठी नेलं, ते परत आलं नाही.

श्रेयाची आई करुणा शाळेचे गणवेश शिवायची. सासूपुढं ती एरवी गप्प बसणारी नव्हती. इथं बसली, कारण पोरीला हलवायची भीती तिलाही वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी श्रेयाची डावी पोटरी ठणकायला लागली. आजीनं लगेच तेलाची बाटली काढली. ती पाय चोळायला बसणार, तेवढ्यात करुणानं पांघरूण बाजूला केलं. वीस वर्षं माणसांची मापं घेतलेली बाई. दोन्ही पाय सारखे नाहीत हे तिला बघताक्षणीच कळलं. तरी तिनं पर्समधली टेप काढून मोजलं. उजवी पोटरी साडेअकरा इंच भरली, डावी तेरा, आणि हाताला गरम.

"आत्याबाई, तेल ठेवा. हात लावू नका तिला."

ड्यूटीवरचे डॉक्टर इंद्रजीत टेप बघून हसले. झोपून झोपून पाय अवघडलाय, या वयात गाठीबिठी होत नसतात, संध्याकाळी मोठे सर येतील तेव्हा बघतील, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. त्या सुरानंच करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दीड इंच म्हंजे किती, ते मला नका शिकवू. पायाची सोनोग्राफी होईस्तोवर मी या दारातून हटायची नाय."

आणि ती खरंच हटली नाही. औषधांची ट्रॉली तिच्यामागं अडकली, सिस्टर वैतागली, बाहेर गर्दी जमली. शेवटी डॉक्टरांनी चरफडत सोनोग्राफीच्या कागदावर सही केली.

पायाच्या शिरेत गाठ होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पाय कुणी चोळला तर नाही ना, असं त्यांनी हळूच विचारलं. चोळला असता तर गाठ सुटून फुप्फुसात जायचा धोका होता. चतुराबाईनं तेलाची बाटली पिशवीत कोंबली.

"माझ्या हातानं गेली असती व्हय गं पोर?"

करुणाला सासूचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पाठीच्या जखमेवर लक्ष ठेवून रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळी मोठे सर आले, रिपोर्ट वाचला आणि इंद्रजीतच्या पाठीवर थाप मारली. वेळेत पकडलंस, म्हणाले. इंद्रजीतनं खाली बघत ती शाबासकी खिशात घातली.

"पकडलं मी," करुणा म्हणाली. "अन् तीन दिवस झोपवून ठेवलं, तेबी आम्हीच. मशीन नेलं तुमच्या माणसांनी. सगळं केसपेपरवर लिहा, साहेब."

आम्ही उठवायलाच माणूस पाठवला होता, तुम्हीच नको म्हणालात, असं सर म्हणाले. ते खरंच होतं, आणि म्हणूनच करुणाचा आवाज फाटला.

"आम्ही अडाण्यावानी नको म्हणालो, साहेब. तुम्हाला तर ठाऊक होतं ना? पोरगी मरंल, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर मीच उचलून चालवलं असतं तिला."